त्याला गंमत म्हणू नका

रोहननं माझे केस मुठीत धरले आणि मला स्टेजवर गुडघ्यांवर आणलं.

नववीतला मुलगा. माझ्यापेक्षा वीतभर उंच. अंगात काळा टी-शर्ट. त्याच्या हाताला तेल लागलेलं, म्हणून केस एकदा निसटले. त्यानं ते पुन्हा धरले, या वेळी मुळाशी. समोर हॉलमध्ये अख्खी नववी ‘ब’ बसली होती. हसत होती. माझ्या पाठीमागे फळ्यांवर अल्ताफ कुशीवर पडला होता आणि त्याच्या नाकातून तेल येत होतं.

"मॅडम, हात ऊपर," रोहन म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सब करते हैं ना."

मग त्यानंच माझं मनगट धरलं आणि माझा हात वर केला. सरळ. कोपर ताठ, तळवा खाली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पन्नाशीला आलेली बाई मी. कतारला, दोह्यात अल गराफ्याच्या बाजूला एका भारतीय शाळेत इतिहास शिकवत होते. होते म्हणते, कारण आता शिकवत नाही. आता जे झालं ते क्रमानं सांगते. मला क्रमाशिवाय सांगता येत नाही. घरात किराण्याची यादी, शाळेत तासाची यादी, सुट्टीत गावी न्यायच्या वस्तूंची यादी. याद्यांवर चालणारी बाई आहे मी. माझं नाटकसुद्धा यादीवर चाललं होतं.

नववीला एक धडा असतो. दोन महायुद्धांच्या मधली वर्षं. युरोपात हुकूमशहा कसे आले. दरवर्षी मुलं याच धड्याला जागी होतात. त्यांना गणवेश आवडतात, संचलन आवडतं, हजारो हात एकदम वर जातात ते आवडतं. चित्रफीत लावली की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, डिसिप्लिन तो था." मला त्याची चीड. म्हणून मी सुरुवात कधीच मोठ्या मैदानापासून करत नाही. खेड्यापासून करते.

इटलीतलं खेडं. युद्ध संपलेलं. सैनिक घरी आलेत, काम नाही. पाव महाग. शेतमजुरांनी संघटना केली आहे आणि जमीनदार घाबरलेत. मग एक ट्रक येतो. त्यात काळे शर्ट घातलेली पोरं. ट्रकमध्ये पेट्रोल कोणी भरलं? जमीनदारानं. पोलीस कुठे आहेत? तिथंच आहेत, दुसरीकडे बघतायत. पोरं संघटनेच्या माणसाला घराबाहेर काढतात. नाहीतर गावच्या मास्तरला. त्याला मारून टाकत नाहीत. दांडक्यानं झोडतात आणि मग एरंडेल पाजतात. बाटलीभर. चौकात.

"का एरंडेल?" मी वर्गाला विचारते.

मुलं हसतात. मुलं या ठिकाणी नेहमी हसतात.

"बरोबर," मी म्हणते. "तिथल्या लोकांनाही हसू यावं म्हणूनच."

यंदा शाळेच्या प्रदर्शनात आम्ही या धड्याचं छोटं नाटक बसवायचं ठरवलं. मी लिहिलं. काळे शर्टवाले येतात, मास्तर हात वर करायला नकार देतो, ते त्याला घेरतात, दिवे जातात. एवढंच. सामानाची यादी मीच केली. काळे टी-शर्ट चार. बाक एक. काठ्या, थर्माकोलच्या. बाटली एक, रिकामी.

काळ्या शर्टवाल्यांचा म्होरक्या रोहन इनामदार. त्याचे वडील कंत्राटदार, शाळेच्या कमिटीवर. मास्तरचं काम कोणालाच नको होतं. कोण पडणार खाली? अल्ताफनं हात वर केला. "मॅडम, मेरे को चलेगा." अल्ताफ श्रीवर्धनकडचा. बाप बशीरभाई, इनामदारांच्याच कंपनीत ड्रायव्हर. पोरगं बारीक, शांत, पण आपला हेका न सोडणारं.

दोन आठवडे तालीम चालली. त्या दोन आठवड्यांत मी एक गोष्ट पाहिली आणि चुकीची वाचली. मधल्या सुट्टीत रोहन आणि त्याचे तिघं व्हरांड्यातून जायचे, तेव्हा बाकीची मुलं भिंतीला लागून हात वर करायची. आधी चेष्टेत. मग न हसता. मला वाटलं, पोरांनी नाटक मनावर घेतलंय. मी स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगितलं. एक अल्ताफ तेवढा हात वर करायचा नाही. नाटकातही नाही आणि व्हरांड्यातही नाही. नंतर एका मुलीनं मला सांगितलं, रोहननं त्याला दोनदा टॉयलेटमध्ये कोंडला होता. "तुझा बाप आमच्या गाडीचं दार उघडतो. तू हात वर करायचा नाहीस?" असं म्हणाला होता.

रंगीत तालमीच्या दिवशी मी हॉलच्या दारात उभी होते. स्टेजवर त्यांनी अल्ताफला पाडलं. दोघं त्याच्या पायांवर बसले. तिसऱ्यानं नाक दाबलं. रोहननं बाटली वाकडी केली. वर्ग हसायला लागला. मीसुद्धा मनात म्हटलं, जमलंय बरं का.

मग तो आवाज आला.

घोट घशाखाली उतरत नाही आणि श्वास वर येत नाही, तेव्हा माणसाच्या गळ्यातून जो आवाज येतो तो. तो अभिनयात येत नाही. मला माहीत आहे, कारण तो मी दहा वर्षांची असताना ऐकला होता.

रायगड जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव. बापाचा तेलाचा घाणा. त्या साली बाप ग्रामपंचायतीला खोतांच्या माणसाविरुद्ध उभा राहिला. पडला. तिथंच विषय संपला असता. पण निकालाच्या दिवशी खोतांचे दोन पुतणे अंगावर गुलाल घेऊन घाण्यावर आले, बरोबर आणखी काही पोरं. एरंडेलाचा डबा आमचाच उचलला. बापाला ओढत देवळासमोरच्या पारावर नेलं. एकानं छातीवर मांड टाकली. एकानं नाक दाबलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, असं लोक सहज बोलून जातात. मी ते उघडताना बघितलंय.

"घे रं तेल्या. भाषणं ठोकून घसा कोरडा पडला आसंल. तुझ्याच घाण्याचा हाय."

बाप हातपाय झाडत होता. एक पाय पाराच्या दगडावर आपटून आपटून फुटला. दात लागून ओठ फाटला, तेलात रक्त मिसळलं. ते ओततच राहिले. मग सोडलं आणि वाट बघत बसले. कारण पुढचं त्यांना बघायचं होतं. बापाचं पोट ढवळलं. धोतर भरलं. त्याला तसाच गावातून चालवला, आमच्या घरापर्यंत, मधल्या आळीनं. बायका दारात आल्या. पोरं मागून नाचत आली. माझ्या वर्गातली पोरं.

खोत पारावर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "पोरांनी गंमत केली रे. मनाला लावून घेऊ नकोस."

घरी आईनं बापाला मोरीवर बसवून धुतलं. ती रडत होती. बाप तिला म्हणाला, "रडतेस काय? गंमत केली त्यांनी."

त्यानंतर बाप गावात कधी बोलला नाही. कोणाला त्याचं नाक दाबावं लागलं नाही. शाळेत मी गप्प बसले की गुरुजीसुद्धा म्हणायचे, "काय गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंस?" आणि वर्ग फुटायचा. इतर सगळ्यांसाठी तो वाक्प्रचार होता.

पुढे कॉलेजात इटलीचा इतिहास वाचताना ‘कॅस्टर ऑइल’ हे शब्द आले. मी पान उघडं ठेवून बसून राहिले. खोतांच्या पुतण्यांना नकाशात इटली सापडली नसती. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तरी रीत तीच. माणूस मारायचा नाही, कारण मेलेल्या माणसासाठी लोक रडतात. त्याची घाण लोकांना दाखवायची, म्हणजे लोक हसतात. आणि जो हसला तो तुमचा झाला. त्या दिवशी मी इतिहास शिकवायचं ठरवलं.

आणि एवढं शिकून सवरून मी हॉलच्या दारात उभी राहून ‘जमलंय’ म्हणत होते.

धावले. रोहनच्या थोबाडीत मारली. हो, मारली, सगळ्या ताकदीनं. बाटली घरंगळली; यादीतल्या रिकाम्या बाटलीत त्यांनी खरंच एरंडेल भरून आणलं होतं. नाक दाबणाऱ्या पोराला खांद्याला धरून फेकला. अल्ताफला कुशीवर वळवला, तेवढ्यात माझे केस मागून ओढले गेले. पुढचं वर सांगितलंच आहे. माझा हात हवेत होता आणि टाळ्या वाजत होत्या, तेव्हा पहिल्या रांगेतली एक मुलगी किंचाळली, "मॅडम, ही इज नॉट ब्रीदिंग!" मग टाळ्या थांबल्या. रोहननं माझं मनगट सोडलं. अल्ताफचे ओठ जांभळे झाले होते.

तेल फुफ्फुसात गेलं होतं. डॉक्टरांनी त्याला अतिदक्षता विभागात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मला प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये बोलावलं. इनामदार सोफ्यावर बसले होते. मला कोणी बस म्हटलं नाही. मी उभीच. इनामदार माझ्याशी मराठीत बोलले, प्रिन्सिपलना कळू नये इतपत भरभर.

"मॅडम, तुम्ही आमच्या मुलखातल्या, म्हणून घरच्यासारखं सांगतो. पोरांनी गंमत केली. रिहर्सल होती. नाटक कुणी लिहिलं? तुम्ही. एरंडेल कुणी शिकवलं? तुम्ही. माझ्या मुलाला थोबाडीत कुणी मारली? तुम्हीच. मी पोलिसात जाऊ शकतो. जात नाही. उद्या वर्गात उभं राहायचं आणि एक वाक्य बोलायचं. ‘रिहर्सलमध्ये गंमत झाली, चूक माझी, सॉरी रोहन.’ खलास."

"आणि अल्ताफ?"

"त्याचं बिल मी भरतोय. त्याच्या बापाला विचारा, त्याची काही तक्रार आहे का."

प्रिन्सिपल सर टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत होते. म्हणाले, "मॅडम, एक लाइन की बात है. मॅनेजमेंट को समझिए."

मी बशीरभाईंकडे गेले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, जणू ती खुर्चीही कोणीतरी मागून घेईल. मी त्यांना सांगितलं, मी सगळं पाहिलंय, तक्रार करा, मी साक्ष देते.

ते खाली बघत म्हणाले, "जाऊ द्या, मॅडम. पोरांनी गंमत केली."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. तोच शब्द. तोच आवाज. मोरीवर बसलेला बाप बोलतोय असं वाटलं. मी ओरडलेच, "बशीरभाई, तुमचा पोरगा आत नळीनं श्वास घेतोय! निदान तुम्ही तरी हा शब्द वापरू नका!"

तेव्हा त्यांनी मान वर केली.

"मग काय म्हनू? माझा विसा कोनाकडं हाय, ठाव हाय ना तुमाला? तुमी त्यो इटलीचा इतिहास शिकवता. अल्ताफ घरी येऊन सांगायचा. मास्तरनं हात वर केला नाय, मास्तर लय मोठा. मला सांगा, त्या मास्तरच्या पोरांना मागून जेवाला कोनी घातला?"

पुस्तकात याचं उत्तर दिलेलं नाही.

घरी आले. बिन महमूदमध्ये आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. माझ्या मुलीचे, ईशाचे वडील गेल्यापासून घर माझ्या पगारावर आणि माझ्या व्हिसावर. ईशा बारावीला, माझ्याच शाळेत. तिनं सगळं ऐकलेलं होतं. ती मराठी समजते, बोलते इंग्रजी.

"मम्मा, जस्ट से इट. बोर्ड आहे माझी. इट्स वन सेंटेन्स."

"एकच वाक्य आहे, माहीत आहे मला."

"सो?"

मी तिला सांगितलं. त्या काळात इटलीतल्या प्राध्यापकांकडून सरकारनं निष्ठेची शपथ घेववली. छोटीशीच होती. बहुतेकांनी घेतली. चांगली माणसं होती ती, विद्वान. घरी मुलं होती, संशोधन होतं, पेन्शन होती. प्रत्येकानं मनात म्हटलं, शब्दच आहेत, आतून मी तोच आहे. नकार देणारे बोटांवर मोजण्याइतके.

"अँड व्हॉट हॅपन्ड टु देम?"

"नोकऱ्या गेल्या."

"एक्झॅक्टली," ईशा म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळू लावलं. ते जास्त लागलं.

मी स्वयंपाकघरात बसले आणि सवयीनं कागद घेतला. एका बाजूला काय जाईल, दुसऱ्या बाजूला काय राहील. नोकरी, व्हिसा, ईशाचं वर्ष, फ्लॅट. भराभर लिहून झालं. दुसऱ्या बाजूला काही सुचेना. मग ध्यानात आलं की ही यादीच त्यांची आहे. माणसाला असा हिशोब मांडायला बसवायचं, एवढंच त्यांना करायचं असतं. पुढचं माणूस स्वतः करतो. मी कागद फाडला. आयुष्यात पहिल्यांदा यादीशिवाय झोपले.

सकाळी वर्गात सगळे होते. इनामदार शेवटच्या बाकाशी, हाताची घडी घालून. प्रिन्सिपल सर दाराशी. रोहन पहिल्या बाकावर. गालावर माझ्या बोटांचं काही उरलं नव्हतं.

मी मुलांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी.

"अल्ताफला चार मुलांनी धरून मारण्याचा प्रयत्न केला. ते नाटक नव्हतं. मी त्याला नाटक समजून दारात उभी राहिले, तेवढा वेळ त्याच्या फुफ्फुसात तेल गेलं. माझी चूक ती. रोहनची माफी मी मागणार नाही."

"मॅडम," प्रिन्सिपल म्हणाले.

मी थांबले नाही. बापाचं सांगितलं. पार सांगितला, दगडावर फुटलेला पाय सांगितला, भरलेलं धोतर सांगितलं. मागून एक मुलगा ‘धोतर’ ऐकून फिसकन हसला आणि एकटाच पडला.

मग मी विचारलं, "परवा टाळ्या कोणी वाजवल्या? हात वर करा."

दोन आठवडे रोहनच्या नुसत्या नजरेनं वर जाणारे हात. एकही वर गेला नाही. अख्खा वर्ग बाकाकडे बघत होता. किंचाळलेली ती मुलगीसुद्धा.

इनामदार बाकांमधून चालत आले. माझा दंड धरला. मी सोडवायला गेले, तर त्यांनी हात पाठीमागे पिरगळला. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं.

"लाज नाही वाटत, पोरांसमोर बापाचं हगणं काढायला? यल्ला, बाहेर!"

"नाही," मी म्हणाले. "लाज माझ्या बापाला आयुष्यभर वाटली. वाटायला हवी होती दुसऱ्यांना."

त्यांनी मला दारावर आपटलं. कपाळ चौकटीला लागलं, रक्त भुवईवरून डोळ्यात आलं. प्रिन्सिपल बाजूला झाले. मला वाट द्यायला नाही, त्यांना. व्हरांड्यातून मला तसंच ओढत नेलं. बारावीच्या वर्गाचं दार उघडं होतं. ईशानं मला पाहिलं. ती जागेवरून उठली होती. पुढे आली नाही. गेटच्या बाहेर उन्हात मला ढकलून दिलं आणि वॉचमननं, रोज मला सलाम करणाऱ्या वॉचमननं, गेट लावलं.

मी फुटपाथवर बसले. ओढणीनं डोळा पुसला. मग टॅक्सी केली आणि पोलिसांकडे गेले.

नोकरी गेली. व्हिसा रद्द व्हायचा आहे, मुदत चालू आहे. ईशाला परीक्षेला बसू देतील की नाही, शाळा सांगत नाही. ईशा माझ्याशी फारसं बोलत नाही. काल तिनं माझ्या खांद्याला औषध चोळलं. अल्ताफची नळी काढली आहे, पण चार शब्द बोलला की त्याला धाप लागते. बशीरभाई माझा फोन उचलत नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. सापडेपर्यंत थांबले तर कोणीच कधी काही बोलणार नाही, एवढं कळलंय.

उद्या सकाळी जबाबासाठी परत बोलावलंय. इनामदार वकील घेऊन येणार आहेत. तिथला अधिकारी सभ्य आहे, इंग्रजीत सावकाश बोलतो. मागच्या वेळी त्यानं मला विचारलं होतं, मुलाचा बाप तक्रार करत नाही, आई करत नाही, मग तो मुलगा तुमचा कोण लागतो? तेव्हा माझं डोकं ठणकत होतं, मी नुसती ‘टीचर’ म्हणाले. उद्या तो पुन्हा विचारेल. वकील तर नक्कीच विचारेल. उत्तर मी पाठ करून ठेवलंय.

कोणी लागत नाही. म्हणूनच आलेय.